खोक्यातली कुस्ती

त्या खेळातला गडी मारायच्या आधी डावाचं नाव ओरडून सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाजूला कुणी पुकारणारा बसवलाय. पण नाही, ओरडणारा तोच. एक पाय मागं टाकणार, मूठ कमरेला लावणार, डोळे आधीच बटाट्याएवढे ते आणखी वटारणार, आणि जपानी भाषेत लांबच्या लांब आरोळी ठोकणार. मग मारणार. आणि समोरचा? समोरचा तोवर उभा. सगळं नीट ऐकून घेतो आणि मग मार खातो.

मी नातीला विचारलं, "ह्यो पैलवान हाय का दवंडी पिटणारा?"

"आबा, ती त्याची स्पेशल मूव्ह हाय. नाव घ्यावंच लागतंय."

"मी घिस्सा मारायच्या आधी 'घिस्साऽऽ' म्हणून बोंबललो असतो, तर समोरच्यानं मला तिथंच गुंडाळून ठेवला असता."

"तुमचं येगळं, आबा. ह्ये ॲनिमे हाय."

ॲनिमे म्हणजे जपानी लोकांची हलती चित्रं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या चित्रांतली माणसं उचलून मारामारीच्या खेळात घातली, आणि तो खेळ एका काळ्या खोक्यातून माझ्या मुलानं आमच्या घरी पाठवला. मुलगा लांब दक्षिणेत गलाईचं दुकान चालवतो, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करण्याचा धंदा. विट्याकडची कितीतरी माणसं त्या धंद्यात देशभर गेलीत, त्यातलाच तो एक. सोन्यातली भेसळ त्याला वासावरून कळते म्हणतात. घरात कसली भेसळ पाठवतोय ते मात्र त्याला कळलं नाही, आणि हे मी त्याला फोनवर ऐकवलंही. तो म्हणाला, "आवं, पोरीचं मन रमंल." मन रमवायला आमच्याकडे म्हैस होती, पोरीची आजी होती, मी होतो.

माझी शाळा चौथीपर्यंत, आणि त्या चार वर्षांत मास्तरांपेक्षा वस्तादांचा मार जास्त खाल्ला. कडेगाव आणि विट्याच्या मधल्या आमच्या गावच्या तालमीत मी पन्नास वर्षं माती अंगाला लावली. आधी लढायला, मग शिकवायला. त्यामुळं दुसऱ्या कुठल्या विषयात मला कुणी अडाणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. एका माणसानं दुसऱ्याला कसं पाडावं, ह्या विषयात नाही.

नात बारा वर्षांची असताना आमच्याकडे राहायला आली, कुस्ती शिकायची म्हणून. पोरीला तालमीत घेतो म्हटल्यावर गावातली चार तोंडं चार बाजूंनी बोलली. मी एकाला उत्तर दिलं नाही. उत्तर तिनं दिलं, तीन जत्रांमध्ये. पुढं ती गादीवरही लढायला लागली. गादीवरचे ते गुण आणि शिट्ट्या मला कधी पटल्या नाहीत, पण पोरगी पटली होती, म्हणून मी गादीही सोसली.

गेल्या साली तासगावच्या बाजूला एका मैदानात तिची मातीतली कुस्ती होती. समोरच्या पोरीनं पट काढला, म्हणजे पायाला हात घालून उचललं. हिची पाठ लागली आणि लागता लागता उजवा गुडघा आत मुडपला. ऊस मोडावा तसा आवाज झाला. मी आखाड्याच्या कडेला होतो, तिथं ऐकू आला.

मिरजेत ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि म्हणाले, आता हळूहळू तालमीत जायला हरकत नाही. आम्ही पेढे घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिचे तालमीचे कपडे आणि टॉवेल काढून ठेवले. ती उठली, दात घासले, आणि उजवा पाय लांब करून, गुडघ्याखाली उशी घेऊन खोक्यासमोर बसली. तिसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. बावीस वर्षांची पोरगी. ह्या वयात वर्षभर माती सुटली की कायमची सुटते, हे मी डोळ्यानं बघितलंय, एकदा नाही, दहादा. मला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा हौद्यात, म्हणजे तालमीतल्या लाल मातीच्या खड्ड्यात, उतरावं एवढंच.

म्हणून मी त्या खोक्याच्या मागं लागलो. न बघता नावं ठेवणारा मी नव्हे. आधी रोज तिच्याशेजारी बसून सगळं बघितलं आणि मग नावं ठेवली.

त्यात निरनिराळे 'मोड' असतात. पहिला स्टोरी मोड. त्यात मारामारी कमी आणि गप्पा जास्त. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि लहानपणच्या आठवणी काढतात. तुझ्या गुरूनं माझ्या गुरूला काय केलं, माझं गाव कुणी जाळलं. वारा सुटतो, केस उडतात, एकाच्या डोळ्यात पाणी येतं. मी उठून गोठ्यात गेलो, म्हशीला पेंड घातली, धार काढली, चहा घेऊन परत आलो, तरी दोघं तिथंच. आमच्याकडे एवढा वेळ नुसते उभे राहिले असते तर लोकांनी चपला फेकल्या असत्या.

"आन् ह्यात हरलं तर?" मी विचारलं.

"परत तिथनंच चालू करायचं."

"मग हरलेलं?"

"त्ये धरत न्हाईत, आबा."

हरलेलं धरत नाहीत! मी मिसरूड फुटायच्या आधी एका जत्रेत नारळाच्या बक्षिसाच्या कुस्तीत हरलो होतो, ते आमच्या गावातले अजून धरतात. एका ठिकाणी तर त्या खोक्यानं चक्क विचारलं, की ही लढाई झाली तशी दाखवू, का दुसराच जिंकला असता तर काय झालं असतं ते दाखवू? झालेलं बदलून घ्यायची सोय! तलाठ्याकडंसुद्धा एवढी सोय नसते.

मग त्या डोक्यावरच्या पट्ट्या. प्रत्येक गड्याच्या नावापुढं एक हिरवी पट्टी, त्याच्यात जीव किती उरलाय ते दाखवणारी. मार बसला की पट्टी आखडते. मला ह्या गोष्टीचा सगळ्यात आधी राग आला. अहो, पैलवानाची निम्मी अक्कल दम लपवण्यात जाते. छाती फुटायला आलेली असते आणि आपण नाकानं श्वास घेत, जणू आत्ताच अंघोळ करून आलोय असं तोंड करून समोरच्याकडे बघतो. त्याला वाटतं, ह्याचं अजून काहीच गेलं नाही, आणि तो घाबरून चूक करतो. इथं मात्र दोघांचा दम चव्हाट्यावर मांडलेला. लपवायचं काही नाही, ओळखायचं काही नाही. मग लढायचं कशाला? पट्ट्या मोजा आणि घरी जा.

आणि रूप बदलणं. मार खाऊन खाऊन गडी मरायला टेकला की एक बटण दाबायचं. लगेच त्याचे केस पांढरे होतात, अंगातून उजेड निघतो, आणि ताकद दुप्पट. म्हणजे जेवढा मार जास्त तेवढी ताकद जास्त. असं असतं तर आमच्या गावात सगळ्यात ताकदवान शाळेतली पोरं झाली असती. केस पांढरे झाल्यावर अंगातलं काय काय कमी होतं, ते त्या जपान्यांनी मला येऊन विचारावं.

दूरच्या अनोळखी माणसाशी खेळायचाही एक मोड आहे. त्यात त्या माणसाचं तोंड दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. एकदा नात जिंकत आली आणि समोरचा अचानक गायब. "पळून गेला," ती म्हणाली, "हरायला लागलं की वायर काढत्यात." मी म्हणालो, "असली माणसं आमच्याकडं बी हुती. पण त्यांना गावातनं चालत जावं लागायचं."

आपल्या मनासारखा गडी तयार करण्याचीही सोय होती. नातीनं एक दिवस हौसेनं मला तयार करायला घेतलं. मिशा बारा तऱ्हेच्या होत्या, त्यात माझी एकही नव्हती. लंगोट नव्हताच. शेवटी मला लोखंडी चड्डी आणि पाठीवर पंख लावले. तिच्या आजीनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "लग्नाच्या येळी असं असतं तर बरं झालं असतं."

ह्या सगळ्यावर मी थुंकलो आणि सोडून दिलं असतं. पण एक गोष्ट सोडता येईना. पडणं.

आमच्यात पाठ लागली की संपलं. दोन्ही खांदे मातीला टेकले, की तू कुणाचा कोण, किती जोर काढतोस, किती दूध पितोस, सगळं तिथंच राहिलं. मग वर असलेल्यानं खाली असलेल्याला हात द्यायचा, त्यानं तो धरून उठायचं, आणि दोघांनी एकमेकांची माती झटकायची. ह्याला वेळ लागत नाही, पण हे केल्याशिवाय कुस्ती पुरी होत नाही. मी शिकवायला लागलो तेव्हा पोरांना पहिला डाव शिकवायच्या आधी हात द्यायला शिकवायचो. जो हात देत नाही त्याला माझ्या हौद्यात जागा नव्हती.

त्या खोक्यात गडी डोंगरावरून पाठीवर पडतो. जमिनीला खड्डा पडतो, दगड उडतात, आणि हा उठतो. परत पडतो, परत उठतो. एका खेळात मी मोजलं, अकरा वेळा पाठ लागली. लाज नावाची वस्तूच नाही. आणि माझी नात, जिच्या पाठीची मी दहा वर्षं राखण केली, ती हे बघत महिनाभर बसलेली.

एक दिवस सकाळी माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बास झालं. उद्यापासनं तालमीत चल, न्हाईतर ह्ये खोकं मी पांदीत नेऊन टाकतो."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "टाका."

"पैलवान हाईस का कोण हाईस?"

"व्हते."

हा शब्द मला झोंबला. मी काही बोलणार तोच हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्वयंपाकघरातून हाक मारली. आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "आवं, तिला भ्याव वाटतंय. पाय परत जाईल म्हणून."

"पैलवानाला कसलं भ्याव?"

"व्हय का? मग तुमचा खांदा निसटला हुता, तवा तीन म्हयने ऊस बघायला जातो म्हणून घरातनं जायचा, ते कुठं जायचा? मला काय ठावं न्हाई वाटतं? वढ्याकाठी चिंचंखाली झोपत हुता."

चाळीस वर्षं ही हे पोटात ठेवून होती आणि आज काढलं. बायकांनाही दम लपवता येतो.

बाहेर आलो आणि नातीला म्हणालो, "पैज लाव. तुझ्याच खोक्यात, तुझ्याच खेळात, तुझ्याच नेमानं. मी जिंकलो तर खोकं बंद आन् तू तालमीत. तू जिंकलीस तर मी मरंस्तवर ह्या खोक्याबद्दल आन् तालमीबद्दल तुला एक अक्षर बोलणार न्हाई."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "आबा, तुमाला रिमोट कुठनं धरायचा त्ये ठावं न्हाई."

"पंधरा दिस दे."

"एक अक्षर न्हाई? नक्की?"

"शब्द दिला."

ती हसली. "त्याला रिमोट न्हाई, कंट्रोलर म्हणत्यात," ती म्हणाली, आणि हात पुढं केला. मी तिच्या हातावर हात मारला.

ती रोज दुपारी गुडघ्याच्या व्यायामाला कडेगावला जायची, एस.टी.नं. ती गेली की मी खोक्यासमोर बसायचो. त्यात शिकायचा एक मोड आहे, ट्रेनिंग मोड. पांढऱ्या फरशीची एक खोली, आणि त्यात समोरचा नुसता उभा. मारलं तर मार खातो, हात उचलत नाही, जीव संपत नाही, आणि कंटाळतही नाही. असा जोडीदार मला तरुणपणी मिळाला असता तर मी दुसऱ्याच दिवशी तालीम सोडली असती. जो उलटून मारत नाही त्याच्याकडून काय शिकणार? एवढंच कळतं, की कोणत्या बटणानं कोणता हात हलतो.

तेवढंच शिकायला मला सहा दिवस लागले. अंगठे माझे फावड्याच्या दांड्यासारखे. एक बटण दाबायला जावं तर तीन दाबली जायची. आणि तिथं बटणं किती! हात मारायचं, पाय मारायचं, उडायचं, अडवायचं, उजेड फेकायचं. उजेड फेकायचं मी पहिल्या दिवशीच सोडून दिलं. लांबून फेकून मारायला मी काय पाखरं हाकलत होतो?

मग मला एक गडी सापडला. जाडा, दाढीवाला, म्हातारा, कुणी न निवडणारा. तो उडत नाही, ओरडतो कमी, आणि त्याच्याजवळ एकच चांगली गोष्ट आहे, धरायचं बटण. जवळ जाऊन ते दाबलं की तो समोरच्याला कमरेत धरतो, उचलतो आणि टाकतो. आमच्या मातीतला ढाक डावच, फार तर थोडा वाकडा. सबंध खोक्यात माझ्या ओळखीचा तेवढा एकच डाव होता. मी तोच घोटला.

पण उलटून मारणारा जोडीदार पाहिजे होता. मी हिला बसवलं. ही मांडीवर लसणाची सुपली घेऊन, एका हातानं सोलत, दुसऱ्या हातानं सगळी बटणं एकदम दाबायची. न बघता. तिचा गडी कोलांट्या मारत, ओरडत, आग ओकत माझ्या अंगावर यायचा आणि मी उताणा.

"ह्ये काय खेळणं हाय का?" मी म्हणायचो. "डाव कुठला मारलास ते सांग."

"मला काय ठावं? तुमी पडला न्हवं? मग झालं." आणि लसणाची पाकळी तोंडात टाकायची.

त्या पंधरा दिवसांत मी हिच्याकडून किती वेळा पडलो ते इथं लिहिणार नाही. खोक्याला ठाऊक आहे, ते सगळं लिहून ठेवतं म्हणे. खोकं चुगलखोरही आहे.

पंधराव्या दिवशी तिच्या व्यायामाला सुट्टी होती, दुपारची जेवणं झाल्यावर पैजेची कुस्ती लागली. नात नेहमीसारखी खाली बसली, उजवा पाय लांब, गुडघ्याखाली उशी. मी तिच्याशेजारी मांडी घालून. ही मागं खाटेवर, बेदाण्याची वाटी घेऊन, पंच म्हणून. तीन फेऱ्या, ज्याच्या दोन त्याची पैज. आमच्यात एक कुस्ती एकदाच होते, पण नियम तिचे म्हटलं होतं.

तिनं तांबड्या केसांची एक उडणारी पोरगी घेतली. पहिल्या फेरीत ती माझ्या म्हाताऱ्याला जमिनीला पायच टेकू देईना. एक मार लागला की त्याला जोडून दुसरा, तिसरा, कॉम्बो म्हणतात. बाजूला आकडा वाढत जातो, विजेच्या मीटरसारखा. मी गेलो.

"आबा, सोडता का?"

"गप खेळ."

दुसऱ्या फेरीत मी नुसता अडवत राहिलो. मारलंच नाही. अडवायचं बटण दाबून कोपऱ्यात उभा. ती चिडली. "आबा, असं खेळत न्हाईत!" म्हणाली. चिडली की जवळ येते, ही तिची लहानपणापासूनची खोड. किती वेळा तिला हौद्यात सांगितलं असेल. ती जवळ आली आणि मी धरली. उचलून टाकली, उठली की परत धरली. दुसरी फेरी माझी.

"आवं, तुमी कवा शिकला ह्ये?" ती म्हणाली. आवाजातलं हसू गेलं होतं.

"तू एस.टी.त हुतीस तवा."

तिसरी फेरी सुरू झाली. खोक्यातले ओरडत होते तेवढेच. मला तिचा श्वास ऐकू येत होता. नाकानं घेत होती, मी शिकवला तसा. पट्ट्या आखडत आखडत माझी बोटभर राहिली, तिची दोन बोटं. वर घड्याळ उलटं चालत होतं. तिची पोरगी उडून माझ्या डोक्यावरून पलीकडं निघाली, आणि मी अंदाजानं, डोळे मिटल्यासारखं, बटण दाबलं. म्हाताऱ्यानं तिला हवेतच कमरेत धरली आणि अशी आणली खाली, की दोन्ही खांदे, पाठ, डोकं, सगळं एकदम फरशीला. चीत. अशी कुस्ती मी आयुष्यात चार-पाच वेळाच मारली असेल.

माझ्या हातातला कंट्रोलर खाली ठेवला गेला. ठेवू का, असा विचार नाही केला. पाठ लागली होती. मी उठलो आणि नातीपुढं हात केला.

आणि तिनं धरला! तिनंही तिचा कंट्रोलर उशीवर टाकला होता, माझा हात मनगटात धरला होता, आणि पाय पोटाखाली घेऊन, उजव्या गुडघ्यावर भार देऊन, एका दमात उभी राहिली होती. खाली माती असती तर मी तिच्या पाठीची झटकली असती. माझा हात तिच्या पाठीकडे गेलाच होता.

"आवं, ती उठली की!" ही मागून ओरडली. "आवं, बगा तिकडं!"

आम्ही बघितलं. तांबड्या केसांची पोरगी उठून उभी होती. माझा म्हाताराही उभा होता. दोघं रिकामे, समोरासमोर, गुडघ्यात हलत, कुणीतरी बटण दाबेल म्हणून वाट बघत. घड्याळात तीन सेकंद उरले होते. दोन. आम्ही खाली वाकेपर्यंत संपलं. वेळ संपली की ज्याची पट्टी लांब तो जिंकला. एवढी आपटूनही तिची माझ्यापेक्षा नखभर लांब होती. खोक्यानं घंटा वाजवली आणि तिचं नाव झळकवलं.

मग नात म्हणाली, "आबा, तुमी जिंकला. मातीच्या नेमानं तुमीच जिंकला. मीच हात धरला की."

"कुस्ती ज्या आखाड्यात, नेम त्या आखाड्याचा," मी म्हणालो. "तू जिंकलीस."

"पर आबा..."

"शब्द दिलाय मी."

ज्या गुडघ्यावर भार देऊन उठली होती तो तिनं बघितला, मग खाली पडलेली उशी बघितली. हिनं पण बघितलं. मीही बघितलं होतं, सगळ्यात आधी. आणि त्या क्षणी मला जे बोलायचं होतं ते बोलण्याची मला बंदी झाली होती, माझ्याच तोंडानं घातलेली. मी बाहेर जाऊन म्हशीला पाणी दाखवलं. तिला नको होतं.

त्यानंतर मी अकरा दिवस तालीम हा शब्द घरात काढला नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब खडाखडी ती, म्हणजे डाव न टाकता नुसतं एकमेकाला जोखत राहणं. नात जेवताना माझ्याकडे बघायची, मी भाकरीकडे. एकदा तिनं मुद्दाम विचारलं, "आबा, ह्या आठवड्यात तालमीत कोण कोण येतंय?" मी म्हणालो, "आमटीत मीठ कमी हाय." ही म्हणाली, "न्हाई, बरुबर हाय." मुलाचा फोन आला. "पोरगी काय म्हणतीया?" मी म्हणालो, "तिलाच इचार," आणि फोन तिच्याकडे दिला.

बाराव्या दिवशी पहाटे मी परसात दात घासत होतो. गोठ्याच्या भिंतीला दोन फावडी टेकवलेली असतात. त्यातलं एक उचललेलं ऐकू आलं. नात होती. टॉवेल गळ्यात, गुडघ्याला पट्टा.

"आबा, हौद्यातली माती घट्ट झाली आसंल," ती म्हणाली. "उकरायला चला."

मी चूळ भरली. दुसरं फावडं घेतलं.

"आवं, बोला की काय तरी."

मी मान हलवली.

"शब्द मला दिला हुता न्हवं? मग मी सोडते तुमाला शब्दातनं."

"तसं सुटत नस्तंय," मी म्हणालो. ते एकच बोललो. ते तालमीबद्दल नव्हतं, शब्दाबद्दल होतं, म्हणून चालतं.

दोघांनी माती उकरली. तिनं डाव्या अंगावर भार ठेवून सुरुवात केली आणि निम्म्या हौद्यानंतर विसरली. त्या दिवशी ती लढली नाही, नुसती माती उकरून, ताक आणि तेल टाकून, पायानं कालवून परत आली. दुसऱ्या दिवशी दहा जोर. लढायला अजून दोन महिने लागतील, का चार लागतील, का लागणारच नाहीत, मला सांगता येत नाही, आणि आता विचारताही येत नाही.

खोकं घरातच आहे. दुपारी जेवणं झाली की त्यातून किंकाळ्या यायला लागतात. नात तेव्हा एस.टी.त असते. बटणं दाबते ती ही, लसूण सोलत. आता तिला त्या आग ओकणाऱ्याचं नाव ठाऊक झालंय, आणि परवा दूरच्या मोडमध्ये कुणा परदेशातल्या माणसाला तिनं पाडला म्हणे. "पळून गेला वायर काढून," मला सांगत आली. मी ओठ दाबून बसलो. मरेस्तोवर त्या खोक्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, असं ठरलंय. नातीला बोलणार नाही म्हटलं होतं, पण ही म्हणते, घरात दिलेला शब्द सगळ्या घराला लागू. म्हणून वही आणली. बोलणार नाही म्हटलं होतं. लिहायचं काही ठरलं नव्हतं.